जुन्या टी३ कॅम्परमध्ये सुबारूचं इंजिन टाकावं की टीडीआय (फोक्सवॅगनचं टर्बो डिझेल), आणि हे घरी जमेल का?

तुमची व्हॅन फोक्सवॅगन टी३, २.१ लिटरचं वॉटरबॉक्सर (पाण्याने थंड होणारं, आडव्या सिलिंडरचं मूळ पेट्रोल इंजिन), हेड गॅस्केट (सिलिंडर हेड आणि ब्लॉकमधलं सील) दुसऱ्यांदा गेलंय आणि आता परत तेच इंजिन उघडायची इच्छा नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी अगदी याच जागेवरून सुरुवात केली होती. माझ्या व्हॅनमध्ये आता सुबारूचं ईजे२२ (२.२ लिटरचं पेट्रोल इंजिन) आहे आणि मी खूश आहे, पण एक गोष्ट मला कुणीतरी आधी सांगायला हवी होती, ती म्हणजे इंजिन बसवणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे. सुबारूचं इंजिन फोक्सवॅगनच्या गिअरबॉक्सला जोडणारी अ‍ॅडाप्टर प्लेट तयार मिळते, दोन्ही इंजिनं एकाच दिशेला फिरतात त्यामुळे गिअरबॉक्स आहे तोच चालतो, दोन दिवसांत इंजिन जागेवर बसलं. व्हॅन रस्त्यावर यायला मात्र त्यानंतर सात महिने लागले आणि ते सगळे वायरिंग आणि कूलिंगने खाल्ले.

म्हणून नुसतं इंजिन घेऊ नका, चालू स्थितीतली अख्खी गाडी घ्या, स्वतः चालवून बघा आणि मग तिच्यातलं इंजिन काढा. ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर), वायरिंग, सेन्सर, रिले सगळं एकाच गाडीचं आणि एकमेकांशी जुळणारं मिळतं, आणि कुठली वायर कुठे जात होती ते डोळ्यांनी बघता येतं. मी वायरिंग पूर्ण काढून जमिनीवर पसरवलं, प्रत्येक कनेक्टरला टेप लावून पेनने नाव लिहिलं, आणि मग दिवे, खिडक्या, वायपर अशा नको त्या वायरी एकेक करून काढत गेलो, शेवटी जे उरलं ते एका बादलीत मावेल एवढंच होतं. त्यात एक चूक केली. स्पीड सेन्सरची वायर कशाला हवी म्हणून काढून टाकली. ईसीयूला गाडी पळतेय की उभी आहे हे त्या वायरीतूनच कळतं, त्यामुळे ब्रेक मारून थांबायला गेलं की इंजिन बंद पडायचं, आणि मी महिनाभर आयडल व्हॉल्व साफ करत बसलो. टी३ चा स्पीडोमीटर केबलवर चालतो, त्या केबलवर बसणारा छोटा सेन्सर मिळतो, तो लावला आणि त्याच दिवशी प्रकरण मिटलं.

आता कूलिंग, आणि हे नीट वाचा कारण इथे इंजिन जातं. रेडिएटर पुढे, इंजिन मागे, मध्ये लांबच लांब पाइप, म्हणजे हवा अडकायला भरपूर जागा. कूलंट भरताना व्हॅनचं नाक जॅकवर चांगलं वर घ्यायचं आणि रेडिएटरच्या वरच्या ब्लीड स्क्रूमधून बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत घाई करायची नाही. पण खरी मेख थर्मोस्टॅटची, म्हणजे पाणी गरम झाल्यावर उघडणाऱ्या व्हॉल्वची आहे. ईजे मध्ये थर्मोस्टॅट खाली, पाणी इंजिनात शिरतं त्या बाजूला असतो, आणि हीटरमधून परत येणारं गरम पाणी त्याच्या मागे पोचलं तरच तो वेळेवर उघडतो. सुबारूत ते पाणी कायम फिरत असतं. टी३ मध्ये हीटर बंद केला की व्हॉल्व पाणीच अडवतो. माझा काटा चढावर सरसर वर गेला आणि हीटर फुल केल्यावर खाली आला, तेव्हा कुठे हे डोक्यात शिरलं! हीटरच्या दोन होजच्या मध्ये एक कायम उघडा राहणारा बायपास टाका, पहिल्या दिवशीच टाका. शिवाय जुने प्लॅस्टिकचे कूलंट पाइप असतील तर आत्ताच स्टीलचे करून घ्या.

सुबारूचा ऑइल पॅन खाली लोंबतो, खराब रस्त्यावर जाणार असाल तर तो कमी उंचीचा करून घ्यावा लागतो.

टीडीआय वाईट नाही. कंपनीनेच टी३ मध्ये डिझेल इंजिन ५० अंश आडवं करून बसवलं होतं, त्यामुळे डिझेल व्हॅनचे माउंटिंग आणि बेलहाऊसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच) मिळाले तर अर्धं काम झालं. पण ९० हॉर्सपॉवरचं १.९ टीडीआय १९०० आरपीएमलाच २०२ न्यूटन मीटर टॉर्क देतं, आणि तुमचा गिअरबॉक्स त्यापेक्षा बऱ्याच कमी टॉर्कसाठी बनलाय. चौथ्या गिअरचा रेशोही बदलावा लागतो, नाहीतर हायवेवर इंजिन नुसतं ओरडत राहतं. पेट्रोल व्हॅन हातात असताना मी तरी ईजे२२ च घेईन, १९९६ पर्यंतचं, कारण त्यात टायमिंग बेल्ट तुटला तरी व्हॉल्व पिस्टनवर आपटत नाहीत. २.५ लिटरचं ईजे२५ जास्त ताकदीचं आहे हे खरं, पण त्याच्या सुरुवातीच्या इंजिनांचा हेड गॅस्केटचाच त्रास प्रसिद्ध आहे, आणि त्याच दुखण्यातून तर तुम्ही सुटायला बघताय ना!

घरी जमेल का, तर वायरिंग डायग्राम वाचता येत असेल आणि व्हॅन काही महिने उभी राहिलेली चालत असेल तर जमेल. पण पहिला नट खोलायच्या आधी नोंदणी करणाऱ्या ऑफिसला आणि विमा कंपनीला विचारा, लेखी उत्तर घ्या. बऱ्याच ठिकाणी इंजिन व्हॅनच्या वर्षाचं किंवा त्याच्या नंतरचं असावं लागतं आणि त्याचं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर सगळं जागेवर लागतं. आणि ब्रेक आधी करा, ईजे२२ ची १३५ हॉर्सपॉवर नंतर.

गिअरबॉक्सवर कोरलेला कोड आणि व्हॅनचं वर्ष कमेंटमध्ये टाका, रेशो बघून सांगतो.