पिकअप उंच करण्याआधी चाकोरी मोजा

प्रश्न : राधानगरी तालुक्यात आमची ऊसशेती आहे. चार वर्षांपूर्वी मी डबल केबिनची फोर बाय फोर पिकअप घेतली. तिला पुढे कॉइल स्प्रिंग आणि मागे कमानपाटे आहेत. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमुळे आमची पाणंद इतकी खचते की दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्याला गाडी खालून घासते. आठवड्यातून एकदा खताची दहा पोती असतात. एरवी गाडी रिकामीच कोल्हापूरला ये-जा करते आणि महिन्यातून एखाद्या वेळी फोंडा घाटाने कणकवलीला जाते. एका गॅरेजने चार इंचांचा लिफ्ट, म्हणजे गाडी चार इंच उंच करणे, सुचवला आहे. दुसरे गॅरेज पुढे स्पेसर (चकती) आणि मागे ब्लॉक (ठोकळा) टाकून अर्ध्या दिवसात काम करून देतो म्हणते. कमानवाल्यांचे म्हणणे दोन पाटे वाढवावेत असे आहे. यांतले काय निवडावे?
– एक वाचक, राधानगरी तालुका

उत्तर : तिघांनीही आपल्याला उपाय सांगितला, गाडीचे नेमके काय घासते हे मात्र कोणी विचारलेले दिसत नाही, आणि सारा निर्णय त्यावरच अवलंबून आहे. म्हणून खर्चाचे बोलण्याआधी एक काम करा. गाडी खालून धुऊन वाळू द्या. इंजिनाखालचा संरक्षक पत्रा, गिअरबॉक्सखालचा आडवा बार, मागच्या ॲक्सलच्या मध्यावरचा डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचा) गोळा, पाटे ॲक्सलला आवळणाऱ्या यू-बोल्टची खाली आलेली टोके आणि हौद्याखाली टांगलेली स्टेपनी, या सर्वांवर पातळ चुन्याचा हात फिरवा. चुना वाळला की नेहमीची दहा पोती भरून पाणंदीतून एक फेरी मारा. परत आल्यावर जिथला चुना खरवडला गेला असेल, तिथे आपली गाडी घासते.

आता विक्रेते सहसा सांगत नाहीत ती गोष्ट. आपल्या गाडीचा मागचा ॲक्सल अखंड आहे. स्प्रिंग किंवा पाटे उंच केले की चेसिस आणि वरची बॉडी उचलली जाते. ॲक्सल चाकांबरोबर होता तिथेच राहतो. चार इंचांचा लिफ्ट बसवूनही त्या गोळ्याची जमिनीपासूनची उंची एका मिलिमीटरनेही वाढत नाही. ती वाढते फक्त मोठ्या टायरने, आणि तीही टायरच्या व्यासात जेवढी वाढ झाली त्याच्या निम्मीच. उदाहरणार्थ २५५/६० आर १८ या टायरचा व्यास सुमारे ७६३ मिलिमीटर आणि २६५/६५ आर १८ चा सुमारे ८०२ मिलिमीटर भरतो, म्हणजे गोळा वर जातो जेमतेम १९ मिलिमीटर. तेवढ्यासाठी स्पीडोमीटर ८० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ८४ च्या वेगाने धावते, चढावर ओढ कमी होते आणि स्टिअरिंग पूर्ण वळवले की टायर आतल्या प्लॅस्टिकला घासू लागतो. पुढचे डिफरन्शियल मात्र आपल्यासारख्या गाडीत चेसिसला बसवलेले असते, त्यामुळे ते लिफ्टबरोबर वर येते.

तेव्हा चुना फक्त मागच्या गोळ्यावरचा गेला असेल, तर लिफ्टचा विचार सोडून द्या आणि दोन-तीन ट्रॉल्या मुरूम आणून चाकोऱ्या भरून घ्या. हे मी थट्टेने लिहीत नाही. ट्रॅक्टरची मागची चाके मोठी आणि पोट उंच असते. तो जितकी खोल चाकोरी पाडू शकतो तितकी उंच पिकअप आपण कधीच करू शकणार नाही. पाणंद सामाईक असेल तर शेजाऱ्यांना बरोबर घेऊन ग्रामपंचायतीत शेत/पाणंद रस्त्यांच्या सरकारी योजनेची चौकशीही करता येईल.

चुना पुढच्या पत्र्यावरचा किंवा मधल्या बारवरचा गेला असेल, तर लिफ्टचा उपयोग आहे. अशा वेळी माझे मत ४० ते ५० मिलिमीटर, म्हणजे जास्तीत जास्त दोन इंच, असे आहे. चार इंचांना मी स्पष्ट नकार देईन. पुढच्या स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये चाक वरच्या आणि खालच्या आर्मवर झुलते, आणि चेसिसवरच्या डिफरन्शियलपासून चाकापर्यंत ड्राइव्ह शाफ्ट जातो. चेसिस वर गेली की आर्म आणि शाफ्ट दोन्ही खाली झुकतात. दोन इंचांपर्यंतचा झुकाव मूळ सुटे भाग बहुधा सोसतात. त्यापुढे वरचे आर्म बदलणे आणि डिफरन्शियल खाली उतरवणे अशी कामे निघत जातात. माझ्याकडे पूर्वी एक जुनी पिकअप होती आणि ती मी हौसेने तीन इंच उचलून घेतली होती. पहिल्या पावसाळ्याच्या शेवटी उजव्या चाकाच्या रिमला आतून काळ्या ग्रीसचा थर दिसला. ड्राइव्ह शाफ्टचा रबरी बूट घडीवर चिरला होता आणि जॉइंटमध्ये चिखल गेला होता. बूट बदलून भागले नाही, आख्खा शाफ्ट घ्यावा लागला.

स्पेसर स्वस्त पडतो, कारण त्यात नवीन स्प्रिंग नसते. शॉकॲब्सॉर्बरच्या माथ्यावर चकती बसवली की सारी रचना खाली ढकलली जाते. २५ मिलिमीटरच्या चकतीने चाकाशी जवळपास दुप्पट फरक पडतो, कारण शॉकॲब्सॉर्बर आर्मच्या मधोमध कुठेतरी टेकलेला असतो. पण चाक खड्ड्यात लोंबते तेव्हा ते कंपनीने ठरवलेल्या मर्यादेच्याही खाली जाते, आणि बॉल जॉइंट व शाफ्टवर नेमका तेव्हाच ताण येतो. चकती स्प्रिंगवर बसवली तर प्रकार वेगळा होतो : स्प्रिंग आधीच दाबलेली राहते, चाकाला खाली यायला जागा उरत नाही आणि गतिरोधक ओलांडताना पुढून ‘खट्’ असा आवाज येऊ लागतो. म्हणून पुढे उंच स्प्रिंग आणि तिला जुळणारा, त्याच लांबीसाठी बनवलेला शॉकॲब्सॉर्बर अशी जोडीच घ्यावी. पिकअप गाड्यांचे असे संच बनवण्यात ऑस्ट्रेलियातील कंपन्या पुढे आहेत, आणि ओल्ड मॅन ईमू किंवा आयर्नमॅन यांच्यासारख्यांचे बहुतेक संच याच दीड-दोन इंचांच्या टप्प्यातले असतात.

मागच्या बाजूला ॲक्सल आणि पाटे यांच्यामध्ये ब्लॉक ठेवल्याने उंची मिळते हे खरे, पण ॲक्सलला पिळण्यासाठी तितका लांब दांडा मिळतो. भरलेली गाडी चढावर जोरात उचलली की पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वळतात आणि मागून धक्के बसतात. एकावर एक दोन ब्लॉक ठेवणे तर कोणी फुकट करून दिले तरी स्वीकारू नये. लांब शॅकलने (पाट्यांचे मागचे टोक चेसिसला जोडणाऱ्या झुलत्या पट्टीने) शॅकलच्या वाढीच्या निम्मी उंची मिळते, आणि ॲक्सलचा कोन बदलल्याने मागच्या ॲक्सलकडे ताकद नेणारा प्रॉपेलर शाफ्ट थरथरू शकतो. कमानवाल्यांचे दोन जादा पाटे मला आपल्या वापरासाठी अजिबात पटत नाहीत. दहा पोती म्हणजे पाचशे किलोच्या आसपासचे वजन आठवड्यातून एकदाच असते. उरलेले सहा दिवस ते कडक पाटे रिकाम्या हौद्याला उडवत राहतील. फोंडा घाटातल्या ओल्या वळणावर मागचे हलके, ताठ चाक उसळले की त्याची पकड सुटते.

पाट्यांचे तयार संच रिकाम्या, मध्यम आणि कायम भरलेल्या गाडीसाठी वेगवेगळे मिळतात. आपण मध्यम भाराचा संच घ्यावा आणि दुकानात ‘मी पाचशे किलो नेतो’ एवढेच न सांगता ‘आठवड्यातून एकदा नेतो’ हेही सांगावे, नाहीतर समोरचा माणूस हमखास कडक संच बांधून देईल. फक्त पुढची बाजू उचलून गाडी समपातळीत आणण्याची टूम सध्या आहे, ती आपल्या कामाची नाही. रिकाम्या पिकअपची शेपूट थोडी वर असते ती माल भरल्यावर खाली बसावी म्हणूनच. पुढून उचललेली गाडी पोती भरल्यावर आभाळाकडे पाहते आणि रात्री समोरच्याच्या डोळ्यांत हेडलाइट मारते.

काम सुरू करण्याआधी प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजून लिहून ठेवा. जमिनीपासून मोजल्यास टायरमधल्या हवेने आकडा बदलतो. काम झाल्यावर आणि पुन्हा हजार किलोमीटरनंतर तेच चार आकडे घ्या, कारण नव्या स्प्रिंगा सुरुवातीला किंचित बसतात. यू-बोल्टही त्याच वेळी पुन्हा आवळून घ्यावेत. व्हील अलाइनमेंट करताना पुष्कळ ठिकाणी फक्त टो (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर किती वळली आहेत तो कोन) लावून देतात. गाडी उचलल्याने कास्टरचा कोन (स्टिअरिंगने चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागचा कल) कमी होतो आणि मग पुणे-बेंगळुरू महामार्गावर गाडी सरळ रेषेत राहत नाही, वळणानंतर स्टिअरिंग आपणहून मागे येत नाही. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही छापील कागद मागून घ्या आणि त्यांत कास्टरची ओळ भरलेली आहे ना, ते पाहा.

ब्रेकच्या बाबतीत दोन गोष्टी उभे राहून तपासून घ्याव्यात. चारही चाके अधांतरी लोंबत असताना ब्रेकच्या रबरी नळ्या ताणल्या जाता कामा नयेत. दुसरे असे की काही पिकअपमध्ये मागचा ॲक्सल आणि चेसिस यांना जोडणारी एक बारीक दांडी असते; गाडी किती खाली बसली आहे यावरून ती मागच्या ब्रेकचा दाब ठरवते. गाडी उचलली की या दांडीला हौदा रिकामाच आहे असे वाटते, आणि पोती भरलेली असतानाही मागचे ब्रेक कमी लागतात. आपल्या गाडीत ती असेल, तर तिची पट्टी लिफ्टच्या प्रमाणात सरकवून घेतल्याशिवाय घाट उतरू नये.

कायद्याचे अंग कोणत्याच गॅरेजने सांगितले नसेल, म्हणून लिहितो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही तरतूद कडकपणे वाचली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ प्रमाणे नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. तेव्हा कोल्हापूरच्या आरटीओ कार्यालयाला आणि विमा कंपनीला आधी लेखी विचारा, आणि आलेले उत्तर गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. लेखी होकार मिळाला नाही, तर मुरूम आहेच.

प्रश्न : आम्ही शिरोळ तालुक्यात राहतो. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत आमचा रस्ता बंद झाला होता. पिकअप दोन इंच उचलून घेतली तर पुराच्या पाण्यातून ती काढता येईल का?
– एक वाचक, शिरोळ तालुका

उत्तर : नाही. इंजिनात हवा घेणारे तोंड दोन इंच वर जाईल एवढेच. वाहत्या पाण्याचा जोर, पाण्याखाली तुटलेली साइडपट्टी आणि गाडीचे तरंगू लागणे यांवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. गाडी पाण्यात जितकी बुडते तितके तिचे टायरवरचे वजन कमी होते, आणि वजन गेले की पकड जाते. पंचगंगेचे किंवा कृष्णेचे पाणी रस्त्यावर आले असेल तर गाडी उंच जागी लावून ठेवणे हाच उपाय आहे.

आपल्याला खरोखर उपयोगी पडेल अशी एक लहानशी दुरुस्ती मात्र सांगतो. ॲक्सलच्या वर हवा ये-जा करण्यासाठी एक बारीक तोंड असते. तापलेला ॲक्सल थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि त्या तोंडातून पाणी ओढले जाते. ओढ्यातून गेल्यानंतर डिफरन्शियलचे तेल दुधी चहासारखे दिसू लागले, तर पाणी शिरले असे समजावे आणि तेल लगेच बदलावे. त्या तोंडाला रबरी नळी जोडून ती हौद्याच्या उंचीपर्यंत वर नेली की हा त्रास पुष्कळ कमी होतो.

प्रश्न : माझ्याकडे मालवाहतुकीची छोटी पिकअप आहे. गुळाचे रवे भरले की ती मागून फार बसते. दोन पाटे वाढवले तर जास्त माल नेता येईल ना?
– एक वाचक, करवीर तालुका

उत्तर : गाडी कमी बसेल, पण जास्त माल नेता येणार नाही. आरसी पुस्तकावर लिहिलेले एकूण वजन पाट्यांवरून ठरत नाही; त्यात चेसिस, ॲक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक या सर्वांची क्षमता धरलेली असते आणि पाटे वाढवून यांतले काहीच वाढत नाही. जादा भारासाठी कलम १९४ खाली वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड आहे. ठरलेल्या वजनातच गाडी बसत असेल, तर जुन्या पाट्यांची कमान उतरली आहे असे समजा. पाटे सुटे करून सपाट जमिनीवर ठेवले की कोणता पाटा थकला आहे ते डोळ्यांना दिसते. तो कंपनीच्या मापाचा नवीन टाका, शॅकलचे बुश बदला आणि मधला बोल्ट तुटत आलेला नाही ना, ते एकदा पाहून घ्या.