कॅनडाला जायचंय आणि नावावर जुनी केस आहे, खानापूरच्या भावाला उत्तर

भावा, तुझं सगळं वाचलं. २०१४ ला आंदोलनात रस्ता अडवला म्हणून आयपीसीचं १४३ (बेकायदा जमाव) आणि ३४१ (वाट अडवणं) लागलं, पाच वर्षं तारखा खाल्ल्यास, शेवटी २०१९ ला वकील म्हणाला गुन्हा कबूल कर, पाचशे रुपये दंड भर आणि मोकळा हो, तू भरलास. आता कॅनडाच्या फॉर्मवर एजंट ‘नो’ टिक कर म्हणतोय, पीसीसी, म्हणजे पोलिसांचा चारित्र्य दाखला, क्लीन येते म्हणे, आणि तुला विचारायचंय की हे रेकॉर्ड कायमचं पुसता येतं का.

आधी एजंटचं. अजिबात ऐकू नकोस त्याचं. फॉर्मवर प्रश्न पीसीसीचा नाहीच गा, प्रश्न असा आहे की कुठल्याही देशात तुला कधी अटक झाली का, चार्ज लागला का, शिक्षा झाली का. पीसीसी कोरी आली तरी उत्तर ‘होय’च राहतं. तिथं खोटं सापडलं तर ५ वर्षं कॅनडाचं दार बंद, आणि ते खोटं पीआर (कायम राहायचा परवाना) मिळाल्यावर बाहेर आलं तर पीआरसुद्धा जातं. नाव टाकलं की ई-कोर्ट्स ह्या कोर्टाच्या वेबसाइटवर केस दिसते, हे तुला माहीत आहेच.

मी हे एवढं कळकळीनं सांगतोय कारण माझंही असंच झालेलं. मी बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी मशीनवर होतो, २०११ ला गावच्या जत्रेत मारामारी झाली, ३२३ (मारहाण) आणि ५०४ (अपमान करून डिवचणं) लागलं. २०१३ ला मीही वकिलाच्या सांगण्यावरनं कबूल केलं, हजार रुपये भरले आणि घरी येऊन आईला सांगितलं की सुटलो. सुटलो नव्हतो. कबूल करून दंड भरणं म्हणजे शिक्षाच, कोर्टाच्या कागदावर दोषी म्हणूनच नाव लागतं, निर्दोष सुटणं वेगळं. हे त्या दिवशी कोर्टात मला कुणीच सांगितलं नाही, आणि आपल्याकडच्या किती पोरांना सांगत नाहीत याचा विचार केला की अजून जीव तुटतो. २०१७ ला वर्क परमिटला टाकलं, खरं लिहिलं, रिफ्यूज झालं. का ते पुढं सांगतो.

आता पुसायचं बघू. काही देशांत ठराविक वर्षांनी जुनी शिक्षा झाकायची सोय आहे, भारतात मोठ्या माणसासाठी तसा सरसकट कायदा नाही. १८ च्या आत गुन्हा झाला असेल तर बाल न्याय कायद्याचं कलम २४ आहे, त्यात शिक्षेमुळं येणारी अपात्रता जाते आणि ठराविक मुदतीनंतर रेकॉर्ड नष्ट करायचं असतं. प्रोबेशनवर, म्हणजे शिक्षा न देता चांगल्या वागणुकीच्या हमीवर, सोडलं असेल तर १९५८ च्या कायद्यातलं कलम १२ अपात्रता काढतं, पण दोषी ठरवलेलं तसंच राहतं. बाकीच्यांना शिक्षाच वरच्या कोर्टातनं रद्द करून घ्यावी लागते.

तुझी अडचण अशी की कबुलीवर झालेल्या शिक्षेला नेहमीचं अपील नाही, जुन्या सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहितेचं) कलम ३७५, फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का एवढ्यावरच. म्हणजे उरतं रिव्हिजन (वरच्या कोर्टाकडनं निकाल तपासून घेणं), त्याची मुदत ९० दिवस, ती कधीच गेली म्हणून उशीर माफीचा अर्ज जोडायचा, नाहीतर कर्नाटक हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात कलम ४८२, म्हणजे हायकोर्टाच्या खास अधिकाराखाली अर्ज. (२०२४ च्या जुलैपासून नवा कायदा आलाय, ४८२ चं आता ५२८ झालंय.) एक गोष्ट मात्र नक्की बघ. त्याच जुन्या सीआरपीसीचं कलम २५२ म्हणतं की मॅजिस्ट्रेटनं आरोपीची कबुली होता होईल तेवढी त्याच्याच शब्दांत लिहायची. तुझे कागद कन्नडमध्ये, तू मराठी शाळेतला, तुला आरोप नीट समजावून सांगितला होता का, तुझे शब्द लिहिलेत का नुसतं छापील वाक्य आहे, हे नक्कल काढून क्रिमिनलवाल्या वकिलाला दाखव. त्यात दम असेल तरच धारवाडचा खर्च कर, उगाच नको.

आणि तुला कदाचित त्याची गरजही पडणार नाही, कारण कॅनडा आपलं कलम बघत नाही, तोच गुन्हा तिथं केला असता तर काय लागलं असतं ते बघतो. बेकायदा जमावात असणं तिथं हलका गुन्हा आहे, तसल्या एकाच शिक्षेनं माणूस अडत नाही. रस्ता अडवण्याचं ऑफिसर कशाशी जुळवेल ते त्याच्यावर आहे. तिथल्या कायद्यात जो गुन्हा हलका किंवा जड अशा दोन्ही प्रकारे चालवता येतो तो इमिग्रेशनला जडच धरतात, मग तू अडतोस, माझं ३२३ असंच अडलं. पण शिक्षा पुरी होऊन, म्हणजे तुझ्या बाबतीत दंड भरल्यापासून, ५ वर्षं झाली की ‘रिहॅबिलिटेशन’चा, म्हणजे आता सुधारलोय हे मान्य करून घ्यायचा, अर्ज करता येतो. तुझी २०२४ लाच झाली. माझी २०१७ ला झाली नव्हती म्हणून रिफ्यूजल, मग २०१८ ला अर्ज टाकला, वर्षाच्या वर वाट बघितली, पण झालं. एकच गुन्हा असेल आणि तिथली कमाल शिक्षा १० वर्षांपेक्षा कमी असेल तर १० वर्षांनी माणूस आपोआप सुधारला असं धरता येतं, तरी फॉर्मवर ‘होय’ लिहायचंच.

तुझ्याबरोबर जो मित्र यायचा म्हणतोय, दारू पिऊन गाडी चालवल्याचा दंड भरलेला, त्याला हे वाचायला दे. आपल्याकडं हे दंडावारी मिटतं, पण डिसेंबर २०१८ पासून कॅनडात याची कमाल शिक्षा १० वर्षं केलीय, म्हणजे त्यानंतरचं प्रकरण असेल तर ते गंभीर गुन्ह्यात गेलं, आपोआपवाली सवलत नाही, रिहॅबिलिटेशनच लागणार. आणि दिवाळीत पत्ते खेळताना धरलेल्या, केस अजून चालू असलेल्या पोरांना सांग, कंटाळून कबूल करू नका. तडजोड होणारं कलम असेल तर तडजोड करा, ती निर्दोष सुटल्यासारखीच धरतात, नाहीतर लढा. केस चालू असताना पासपोर्टला कोर्टाची परवानगी लागते, ती अर्ज केल्यावर मिळते.

अमेरिका, इंग्लंडचंही विचारलंयस. तिथं झाकलेली जुनी शिक्षासुद्धा व्हिसाला सांगावीच लागते, म्हणून देश बदलून फायदा नाही.

कागद असे लागतील: एफआयआर, चार्जशीट, ऑर्डरची सर्टिफाईड नक्कल, दंडाची पावती, त्या कलमांचा मजकूर, आणि काय झालं ते तुझ्या शब्दांत. आंदोलन होतं, कशासाठी होतं, तू काय केलंस, सरळ लिही, लाजायचं काही नाही त्यात. कन्नड कागदांचं इंग्रजी भाषांतर घरच्या माणसानं केलेलं चालत नाही, भाषांतर करणाऱ्याचं ॲफिडेव्हिट घे. मी भाचीकडनं करून घेतलेलं, सगळं परत करावं लागलं.

कोर्टात नक्कलेचा अर्ज ह्याच आठवड्यात टाक, कारण जुन्या फाईली काही वर्षांनी नष्ट करतात. नष्ट झालीय म्हणाले तर तसं एंडॉर्समेंट (कोर्टाचा लेखी शेरा) लिहून घे, सही-शिक्क्यानिशी, तोंडी ऐकून परत येऊ नकोस. नक्कल हातात आली की कबुलीचं पान आणि ऑर्डरचं पान मला दाखव, माझ्या अर्जाला मी कुठली पत्रं जोडलेली तेही तुला काढून देतो.