पहिला अनोळखी वाचक

प्रश्न : माझी पहिली कादंबरी येऊन वर्ष होत आलं. सुरुवातीला नातेवाईक, सहकारी, जुने वर्गमित्र यांनी प्रती घेतल्या, कौतुकही भरपूर झालं. मग विक्री थांबली ती थांबलीच. समाजमाध्यमांवर मुखपृष्ठाचं चित्र रोज टाकतो. लाइक येतात, पुस्तक कुणी घेत नाही. आता जाहिरातीसाठी पैसे बाजूला काढावेत का?
– एक नवा कादंबरीकार

उत्तर : आत्ताच काढू नका. त्याआधी एक पाहा : तुम्हाला ओळखत नसलेल्या एका तरी माणसानं तुमची कादंबरी शेवटपर्यंत वाचली आहे का? ज्यांनी प्रती घेतल्या त्यांनी त्या तुमच्यासाठी घेतल्या. ते प्रेम मोलाचं आहे, पण त्या प्रेमानं पुस्तक लांब जात नाही. कारण त्यांच्या ओळखीची माणसं आणि तुमच्या ओळखीची माणसं बरीचशी तीच असतात. रोजचं मुखपृष्ठही त्याच वर्तुळात फिरत राहतं.

माझी पहिली कादंबरी कोर्टातल्या एका निवृत्त लघुलेखिकेची होती. लघुलिपी म्हणजे बोलणं झरझर टिपून घ्यायची खुणांची लिपी. तिच्या पिटमन पद्धतीत ‘प’ आणि ‘ब’ यांची रेघ एकाच दिशेची. ‘प’ हलक्या हातानं काढायचा, ‘ब’ दाबून. त्या बाईंच्या जुन्या वहीतली एक रेघ हलकी की दाबलेली, यावर माझं सगळं कथानक उभं होतं. ओळखीच्यांनी पुस्तक वाचलं, छान आहे म्हणाले. त्या रेघेबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही. मग मी विचार केला, या रेघेवर रात्र रात्र बोलू शकेल असं कोण आहे? लघुलेखनाचे वर्ग घेणारे शिक्षक, कोर्टातून निवृत्त झालेले लघुलेखक, त्यांच्या संघटनेचं छोटं वार्तापत्र काढणारे. त्यांना मी पत्रं लिहिली. ‘माझं पुस्तक घ्या’ असं त्यात कुठेही नव्हतं. वहीचा प्रसंग असलेलं प्रकरण सोबत जोडलं आणि एवढंच विचारलं, की हे तुमच्या अनुभवाशी जुळतं का.

बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एका बाईंचं आलं आणि ते लांबलचक होतं. पेन्सिलीला टोक किती काढायचं, साक्षीदार भराभर बोलू लागला की हाताचा दाब कसा जातो, मग रेघ बघून नव्हे तर वाक्य बघून अक्षर कसं ओळखायचं, हे सगळं त्यांनी लिहिलं होतं. खाली एका ओळीत विचारलं होतं, पुढची प्रकरणं कुठे मिळतील? माझा पहिला अनोळखी वाचक तो. त्यांनी पुस्तक त्यांच्या मैत्रिणींना दिलं, मैत्रिणींकडून ते घरातल्या मुलासुनांकडे गेलं, आणि लघुलिपीशी काडीचाही संबंध नसलेले वाचक मला तिथून मिळाले.

तुमच्या कादंबरीचा विषय तुम्ही कळवलेला नाही. पण त्यात कुणाचं तरी काम, आजार, छंद, प्रवास असेलच. ते आयुष्य जे खरोखर जगतात त्यांना शोधा आणि एक प्रकरण वाचायला द्या. पुस्तक परिचय छापणाऱ्यांना अभिप्रायार्थ प्रती पाठवायच्या त्याही, पुढच्या वेळी, पुस्तक येण्याआधी पाठवाव्यात, नंतर त्या ढिगात जातात. आणि घरच्यांना ऑनलाइन अभिप्राय लिहायला सांगू नका. कुटुंबीयांचे आणि जवळच्या मित्रांचे अभिप्राय अ‍ॅमेझॉनच्या नियमांत बसत नाहीत, ते काढून टाकले जातात.

मग पुस्तकाकडे परक्याच्या नजरेनं बघा. मलपृष्ठावर ‘मानवी मनाचे कंगोरे उलगडणारी कादंबरी’ असं काही असेल तर ते काढा. त्यातून पुस्तकात काय आहे ते कळत नाही. कोण आहे, त्याला काय हवंय, आड काय येतंय, एवढं लिहा. ई-पुस्तकाची सुरुवातीची थोडी पानं फुकट वाचता येतात. अर्पणपत्रिका, मनोगत, ऋणनिर्देश, प्रस्तावना असं सगळं पुढे ठेवलं तर वाचकाच्या हाती नमुना म्हणून तेच येतं, कादंबरी येतच नाही. ऋणनिर्देश शेवटी न्या.

शेवटच्या पानांविषयी मला फार आस्था आहे. छापील पुस्तक साधारणपणे सोळा पानांच्या फर्म्यात, म्हणजे एका मोठ्या कागदावर सोळा पानं एकत्र अशा गठ्ठ्यांत छापलं जातं, त्यामुळे शेवटच्या फर्म्यात काही पानं बहुधा कोरी राहतात. ती कोरी सोडू नका. पुस्तक संपवून वाचक जिथे क्षणभर थांबतो ती जागा ती आहे. तिथे वाचकाला चार ओळींचं पत्र लिहा, ई-मेलचा पत्ता द्या, पुढच्या कादंबरीची पहिली पानं छापा.

हे झालं की थोडक्या पैशांत जाहिरात करून बघा. विक्रीपेक्षा तपासणी म्हणून. जाहिरातीवर कुणी क्लिकच करत नसेल तर मुखपृष्ठ किंवा वरची ओळ कमी पडते आहे. लोक पुस्तकाच्या ऑनलाइन विक्रीच्या पानापर्यंत येऊन परत जात असतील तर मलपृष्ठाचा मजकूर किंवा पहिली पानं. एकाच पुस्तकावर जाहिरातीचा खर्च सहसा भरून निघत नाही. वाचक पहिल्यावरून दुसऱ्या-तिसऱ्याकडे जातो तेव्हा कुठे हिशेब जमू लागतो.

प्रश्न : एक संस्था माझी कादंबरी काढायला तयार आहे, पण खर्च मी द्यायचा आहे. पैसे देऊन छापणं कमीपणाचं आहे का? त्यापेक्षा स्वतःच ई-पुस्तक काढू का?
– एक लेखिका

उत्तर : कमीपणा अजिबात नाही. फ्रेंच लेखक मार्सेल प्रूस्तनं आपल्या महाकादंबरीचा पहिला भाग १९१३ मध्ये प्रकाशकाला स्वतः खर्च देऊन काढला. मुलांसाठी लिहिणाऱ्या इंग्रज लेखिका बिअ‍ॅट्रिक्स पॉटरला प्रकाशकांनी नकार दिले, तेव्हा तिनं १९०१ मध्ये आपल्या सशाच्या गोष्टीच्या २५० प्रती स्वतः छापून घेतल्या. पुढच्याच वर्षी ते पुस्तक प्रकाशकानं काढलं. पैशांच्या बदल्यात काय मिळतंय आणि काय जातंय, हे महत्त्वाचं.

करार घेऊन शांतपणे बसा. बर्न करार हा लेखकांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मानणाऱ्या देशांत स्वामित्वहक्क (कॉपीराइट) लिहिल्याबरोबर लेखकाचाच असतो, त्यासाठी नोंदणीची अट नाही. तो हक्क कुणाच्या नावे करून देऊ नका. प्रकाशनाची परवानगी द्या, तीही ठरावीक मुदतीची. अनुवाद, ऑडिओ, चित्रपट हे हक्क वेगळे लिहून घ्या. संपादन कोण करणार, मुद्रितशोधन किती वेळा होणार, प्रती कोणत्या वितरकाकडे जाणार, हे विचारा. मोघम उत्तर आलं तर तुम्ही फक्त छपाई विकत घेत आहात, आणि छपाई छापखान्याकडून थेट घेतलेली स्वस्त पडते. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, त्या संस्थेच्या नावावर असेल तर नोंदीत प्रकाशक म्हणून तिचं नाव राहतं. उद्या तुम्ही स्वतः आवृत्ती काढलीत तर नवा क्रमांक लागेल.

ई-पुस्तक जरूर काढा. किंडलवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या ई-पुस्तकांच्या सेवेवर, लेखकाला अटींनुसार ३५ किंवा ७० टक्के रॉयल्टी मिळते. केडीपी सिलेक्ट ही तिथलीच, फक्त किंडलवर पुस्तक ठेवण्याची योजना घेतलीत तर ९० दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेच ठेवता येत नाही, स्वतःच्या संकेतस्थळावरही नाही. मुदत आपोआप वाढते, म्हणून तारीख लिहून ठेवा. पण वाचवलेल्या पैशांतून आधी संपादक गाठा. चांगल्या संपादकाशिवाय पुस्तक काढू नये, हे माझं ठाम मत आहे.

प्रश्न : पहिल्या पुस्तकाचा प्रचार करू की दुसरं लिहायला घेऊ? दोन्ही जमत नाही.
– एक कथाकार

उत्तर : दुसरं लिहायला घ्या. दिवसातला चांगला वेळ, डोकं ताजं असतानाचा, लेखनाला द्या. पत्रव्यवहार थकलेल्या वेळीही होतो. पहिल्या पुस्तकावर ज्यांनी आपणहून लिहून कळवलं त्यांचे पत्ते, त्यांची संमती घेऊन, एका वहीत ठेवा. यादी छोटी असली तरी चालेल. दुसऱ्याचं पहिलं प्रकरण पक्कं झालं की ते सगळ्यात आधी या लोकांना पाठवा, आणि कुठे कंटाळा आला ते विचारा.