केरीतला वारा आणि 28चा हँडिकॅप

प्रश्न: वय 58. बँकेतून निवृत्त झाल्यावर खारघरला सिडकोच्या कोर्सवर गोल्फ शिकले. हँडिकॅप, म्हणजे फटक्यांची मिळणारी सूट, 28; आकडा मोठा तितका खेळाडू कच्चा. मुलगी डब्लिनला नोकरीला आहे, जूनमध्ये तिच्याकडे जातेय. त्यातले चार दिवस आयर्लंडच्या केरी परगण्यात काढायचे आहेत. बॅलीबनियन, ट्रॅली, डूक्स, वॉटरव्हिल, किलार्नी अशी यादी केली आहे. मिस्टर खेळत नाहीत. जमेल का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर: ताई, चार दिवसांत पाच कोर्स म्हणजे अष्टविनायकाची बस झाली. उतरा, हात जोडा, चढा. तीन करा. मुक्काम किलार्नीत ठेवा.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. किलार्नी सोडलं तर तुमच्या यादीतले बाकी सगळे लिंक्स कोर्स, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूच्या टेकाडांवरचं गवत. खारघरला पावसाळ्यात चेंडू पडतो तिथेच रुततो, तिकडे पडल्यावर तो धावायला लागतो. त्यात अटलांटिकचा वारा. चेंबूरला वीस वर्षं खेळून मी उंच शॉटचा फार अभिमान बाळगून होतो. बॅलीबनियनला तो पहिल्याच होलवर उतरला. तिथे उजव्या हाताला चक्क कब्रस्तान आहे. माझा चेंडू वाऱ्यावर वळला आणि भिंतीपलीकडे गेला. कॅडीने, म्हणजे माझी पिशवी उचलणाऱ्याने, टोपी काढली. चेंडूसाठी की तिथल्या मंडळींसाठी, मी विचारलं नाही.

तेव्हा जायच्या आधी खारघरला महिनाभर एकच सराव करा. तळ्यात भाकऱ्या काढताना खापर कसं सपाट सोडतो, तसा सात नंबरच्या आयर्नने, म्हणजे लोखंडी डोक्याच्या काठीने, चेंडू जमिनीलगत काढायचा. ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, तीस-चाळीस पावलं अलीकडून सरळ पुटर, म्हणजे चेंडू घरंगळवायची काठी, घेतलात तरी कोणी हसत नाही.

पहिला दिवस डूक्स. 1889चा क्लब, डिंगल उपसागराच्या काठी, चिन्हावर चक्क एक भेक. नाव बाकीच्यांएवढं मोठं नाही, पण 28च्या हँडिकॅपला इथे सर्वांत जास्त मजा येईल. मला आजही पुन्हा जायचंय ते इथेच.

दुसऱ्या दिवशी किलार्नी, तळ्याकाठी, झाडांतून. हात मोकळा होईल. मिस्टरांनी तोवर मक्रॉस हाऊस पाहावं, टांग्यातून फिरावं.

तिसरा दिवस पूर्ण विश्रांतीचा. हे ऐकाच.

चौथ्या दिवशी वॉटरव्हिल. एडी हॅकेट यांनी आखलेला हा कोर्स 1973चा. बारावा होल लहानसा, पण मध्ये घळ आहे. कॅथलिक उपासनेला बंदी होती त्या काळात लोक या घळीत लपून मास, म्हणजे त्यांची सामूहिक उपासना, करायचे. कोर्स बांधताना गावच्या मजुरांनी तिथे खणायला नकार दिला, म्हणून घळ तशीच राहिली आणि चेंडू तिच्यावरून मारावा लागतो. आपल्याकडे वाटेतला वडाचा पार वाचवायला रस्ता वळवतात, तसंच. माझे दोन चेंडू त्या घळीत आहेत.

ट्रॅली हा अमेरिकन गोल्फपटू अर्नॉल्ड पामर यांनी आखलेला, 1984चा. देखणा आहे, पण मागचे नऊ होल तुमची चेंडूंची अख्खी पिशवी रिकामी करतील. बॅलीबनियन पुढच्या खेपेला.

व्हिसाचं विसरू नका. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे युरोपचा शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही. हँडिकॅपचं प्रमाणपत्र सोबत ठेवा. कोर्सवर खेळायची वेळ आत्ताच राखून घ्या. बॅटरीवरच्या गाडीच्या भरवशावर राहू नका, लिंक्सवर चालायचंच असतं, कॅडी घ्या. जूनमध्ये रात्री जवळपास दहापर्यंत उजेड असतो, म्हणून दुपारची वेळ मिळाली तरी नाराज होऊ नका. छत्री ठेवा घरी. त्या वाऱ्यात ती उलटी होते. चांगलं जाकीट घ्या.

राहिले मिस्टर. वॉटरव्हिल गावात समुद्राकडेला चार्ली चॅप्लिनचा पुतळा आहे. चॅप्लिन कुटुंबासह सुट्टीला तिथे यायचे. मी खेळत होतो तेव्हा आमच्या सौभाग्यवती त्या पुतळ्याशेजारी साडेचार तास बसल्या, दोनदा चहा घेतला आणि परतल्यावर म्हणाल्या, "तू आणखी एक राउंड खेळला असतास तरी चाललं असतं."