रायफलवरची दुर्बीण किंचित तिरकी बसली तर खरंच नेम चुकतो का?

ज्या अंतरावर झिरो केलंय (म्हणजे नेम आणि गोळी एका जागी जुळवलीय) तिथं नाही, म्हणून तर चूक लवकर कळत नाही. गोची पुढच्या अंतरावर. गोळी सरळ खाली पडते, पण दुर्बीण कलती असल्यानं एलिव्हेशनचे क्लिक (नेम वर-खाली करायच्या बटणाचे टप्पे) तिरक्या रेषेत जातात. रायफल सरळ, दुर्बीण ३ अंश कलती आणि १०० सेंमी वर घ्यायचं असेल, तर गोळी साधारण ५ सेंमी बाजूला लागते. मग लोक वाऱ्याला शिव्या घालतात!

परभणीत महागडं लेव्हलिंग किट शोधत बसू नका. ओळखीच्या गवंड्याकडून ओळंबा आणा, भिंतीवर सोडा. रायफल रिकामी आहे ना, ते आधी बघा. ती स्टँडवर सरळ बसवून क्रॉसहेअरची (दुर्बिणीत दिसणाऱ्या फुलीची) उभी रेघ दोरीशी जुळवा. दुर्बीण धरणाऱ्या रिंगचे स्क्रू मात्र आळीपाळीनं, थोडे थोडे आवळा. एकच बाजू आवळली की दुर्बीण हमखास फिरते.

(१० मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही, तिथं पीप साइट, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायचा.)