संग्रहालयाचं जुनं पत्र चालेल का?

इंग्लंडमधल्या लेस्टरहून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या दिवंगत पतींनी १९९८ साली लिलावात एक हस्तिदंती शिवणपेटी घेतली. पुढे एका संग्रहालयातल्या तज्ज्ञांनी ती पाहून ‘विशाखापट्टणची, अठराव्या शतकाच्या अखेरची’ असं लेखी दिलं. आता पैशांची गरज आहे, दिवाळीत इंटरनेटवर जाहिरात टाकली, पुण्याचं एक गिऱ्हाईक तयार आहे. ते पत्र विक्रीला पुरेल का? थोड्याफार फरकाने हाच प्रश्न मला वारंवार येतो.

ताई, जाहिरात आजच्या आज काढा. ब्रिटनचा २०१८चा हस्तिदंत कायदा ६ जून २०२२पासून लागू आहे. मोजक्या सवलती सोडल्या तर त्याने हस्तिदंताच्या व्यवहारावर बंदी घातली आहे. त्या बंदीत विकणं तर येतंच, पण विक्रीला ठेवणं आणि विकायची तयारी दाखवणंही येतं. दंड अडीच लाख पौंडांपर्यंत, खटला झाला तर पाच वर्षांपर्यंत कैद. आधी विचारायचं आणि मग जाहिरात टाकायची, एवढं केलं असतं तर माझी निम्मी काळजी मिटली असती. गिऱ्हाइकाला आता काहीही लिहून पाठवू नका. झालेल्या जाहिरातीबद्दल कोणी विचारलंच तर काय सांगायचं, ते तिथल्या सॉलिसिटरसमोर (वकिलासमोर) बसून ठरवा.

आता पत्र. वस्तू काय आहे आणि कधीची आहे, हे तज्ज्ञांनी त्यात सांगितलंय. कायदा त्यापुढचं विचारतो. वस्तू १९१८पूर्वीची असणं ही पहिली पायरी झाली. तिचं कलात्मक, सांस्कृतिक किंवा ऐतिहासिक मूल्य ‘असाधारण उच्च’ असलं पाहिजे, आणि ते ठरवताना पाहतात ती किती दुर्मीळ आहे आणि आपल्या प्रकारातला किती महत्त्वाचा नमुना आहे. सगळं या एका कलमावर अडलंय. या सवलतीच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज सरकारकडे करायचा, फी २५० पौंड. पहिल्या छाननीत तो टिकला तर सरकारच नेमलेल्या संग्रहालयांपैकी एकाचा सल्ला घेतं. निर्णय मात्र सरकारचा. तुम्ही स्वतः आणलेलं पत्र अर्जाला जोडता येईल, पण त्या सल्ल्याची जागा ते घेणार नाही.

‘अगदी अशीच पेटी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे’ हे तुम्ही जमेची बाजू म्हणून लिहिलंय. मला त्याचीच भीती वाटते. ईस्ट इंडिया कंपनीच्या साहेबलोकांसाठी विशाखापट्टणच्या कारागिरांनी अशा पेट्या बऱ्याच केल्या. तुमच्या फोटोत झाकणावरच्या वेलबुट्टीतली काळी लाख शाबूत दिसते, काम सुरेख आहे, पण डाव्या कोपऱ्यावर लाकडावर बसवलेली हस्तिदंताची पट्टी उडालीय. सुरेख असणं वेगळं आणि असाधारण असणं वेगळं.

पण शेवटच्या ओळीत तुम्ही सहज लिहिलंय की तळाच्या कप्प्याखाली शाईने एक इंग्रजी नाव आणि ‘मद्रास’ लिहिलेलं आहे. ताई, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! पेटी कोणासाठी झाली आणि कोणाकडून कोणाकडे गेली हे कागदांनी जोडता आलं, तर तुमच्या अर्जात काहीतरी दम येईल. लिलावाची पावती ‘कुठेतरी असेल’ म्हणून चालणार नाही. कपाटं, जुन्या फायली, तुमच्या यजमानांच्या बँकेची कागदपत्रं, सगळं उलथंपालथं करा. तेवढ्यानेही होईलच असं मी म्हणत नाही. नकार आला तर ट्रिब्युनलकडे अपील करता येतं, मात्र त्यात वेळ जातो.

दुसरी एक वाट आहे, तिला संग्रहालयाचा सल्ला लागत नाही. वस्तू १९४७पूर्वीची, हस्तिदंत एकूण साहित्याच्या घनफळाच्या १० टक्क्यांहून कमी, आणि तो सहज किंवा वस्तूला इजा न करता निघत नसेल, तर २० पौंडांत नोंदणी होते. हिशेबात आतली पोकळी धरत नाहीत. उडालेल्या कोपऱ्यावर पट्टीची आणि लाकडाची जाडी मोजा. दहा मिलिमीटर लाकडावर दोन मिलिमीटर पट्टी सगळीकडून असेल तर बारातले दोन, म्हणजे साधारण सहावा हिस्सा हस्तिदंत झाला, आणि ही वाट बंद. मान्यताप्राप्त संग्रहालयच विकत घ्यायला तयार असेल, तर तेही नोंदणीवर भागतं, असाधारण असल्याचं सिद्ध करावं लागत नाही.

पुण्याच्या गिऱ्हाइकाचा विचार सोडून द्या. भारतात हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे, आणि ब्रिटनच्या प्रमाणपत्राने ती उठत नाही.

कप्प्याखालच्या त्या अक्षरांचा फोटो खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात काढा. शाई पुसायला किंवा उजळायला जाऊ नका. फोटो, पावती आणि दोन्ही जाड्या मला कळवा. तोवर २५० पौंड भरू नका.