जेपारात फर्निचरशिवाय काही आहे का? आणि तिथून थेट माल मागवावा का?

नव्या घरासाठी इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या जेपाराहून थेट सागवानी फर्निचर मागवावं का, आणि करीमुनजावा बेटांवर जाताना तिथे थांबण्यासारखं काही आहे का, एवढंच तुम्ही विचारलं असतं तर मी पुढे सरकलो असतो. पण शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘तिथले लोक फसवतात असं ऐकलंय.’ हे वाक्य माझा थोरला भाऊ गेली दहा-बारा वर्षं लग्नाच्या पंगतीपासून बँकेच्या रांगेपर्यंत सगळीकडे सांगतोय. कदाचित तुम्ही ते त्याच्याकडूनच ऐकलं असेल.

आमचं सोलापुरात फर्निचरचं दुकान आहे. २०१३च्या ऑक्टोबरात आम्ही दोघं जेपाराला माल बघायला गेलो. सेमारांगहून गाडीने दोनेक तास. ताहुनान भागात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शोरूमच शोरूम, आणि त्यांच्या मागे प्रत्येक अंगणात खटखट चालू. कारागीर जमिनीवर बसलेला, पुढ्यात दोन-तीन डझन पटाश्या, एकीची धार दुसरीसारखी नाही. एक पोरगा तर कागदावर काढलेला नमुना लाकडावर चिकटवून कागदासकट कोरत होता. कागदाचे तुकडे भुशात पडत होते आणि खालून पानं वर येत होती. मी अर्धा तास तिथून हललो नाही. दादा मात्र तोवर कॅल्क्युलेटर काढून बसला होता.

भाषेचं फारसं अडलं नाही. खुर्चीला ते ‘कुर्सी’ म्हणतात, अलमारीला ‘लेमारी’, मेजाला ‘मेजा’. आमच्या धंद्याला आणखी काय लागतं?

आम्ही ज्याच्याकडे ऑर्डर द्यायला गेलो त्या वयस्कर मालकाला सगळे ‘पाक’ म्हणत, म्हणजे आपलं ‘काका’ म्हणा. त्याने डायनिंग टेबलाच्या फळीत ओलावा मोजायच्या मीटरच्या दोन सुया टोचल्या आणि आकडा आम्हाला दाखवला : १८. म्हणाला, तुमच्या गावची हवा कोरडी असेल तर हे १० ते १२ वर आणायला हवं. भट्टीला रांग आहे, आणखी तीन-चार आठवडे द्या. आम्हाला माल गुढीपाडव्याच्या आत दुकानात हवा होता. दादा मला मराठीत म्हणाला, ‘मीटर दाखवून भाव वाढवतोय. याला सांग, आहे तसं चालेल.’ मी सांगितलं. चूक माझीही आहे, मी सांगायला नको होतं. पाकने दोनदा विचारलं, मग खांदे उडवले आणि ऑर्डरच्या कागदावर तेवढं लिहून आमची सही घेतली.

जेपाराची हवा समुद्राची, दमट. तिथे १८ टक्के ओलाव्याचं लाकूड वर्षानुवर्षं गुण्यागोविंदाने नांदतं. सोलापूरच्या एप्रिलात तेच लाकूड सुकायला लागतं, आणि ते लांबीत नाही, रुंदीत आकसतं. चारी बाजूंनी घट्ट बसवलेली टेबलाची फळी आकसायला जागा नसेल तर फुटतेच. पाडव्याला विकलेल्या टेबलांपैकी पहिलं एका डॉक्टरांच्या घरी रात्री अडीचला फुटलं. ते म्हणाले, फटाका वाजल्यासारखा आवाज झाला. मे उजाडेपर्यंत सात टेबलं परत आली. ‘फसवले’ ते तेव्हापासून.

सही कोणाची होती ते दादा सांगत नाही.

आता तुमच्या थांबण्याच्या प्रश्नाकडे. दादा रविवारी हॉटेलात फोनवर घासाघीस करत बसला, तेव्हा पाकचा पुतण्या मला मोटरसायकलवर मांतिंगानला घेऊन गेला. तिथे १५५९ सालची मशीद आहे, आणि शेजारी राणी कालिन्यामतची कबर. मशिदीच्या भिंतीतल्या दगडी चौकटी नीट बघा. आधी नुसती वेलबुट्टी दिसते, मग त्याच पानाफुलांतून हत्तीचा आकार उमटतो. मशिदीत प्राणी कोरायचा नाही आणि कोरायचाही आहे, त्यावर काढलेली ही वाट.

ही राणी म्हणजे देमाकच्या सुलतानाची मुलगी. १५४९ मध्ये नवऱ्याचा खून झाल्यावर जेपाराचा कारभार तिनेच चालवला आणि मलाया किनाऱ्यावरच्या मलाक्का बंदरातल्या पोर्तुगीजांवर दोनदा आरमार पाठवलं, १५५१ आणि १५७४ मध्ये. दोन्ही वेळा अपयश आलं, पण दुसऱ्या वेळी वेढा काही महिने टिकला. पोर्तुगीज सेनापती आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा घेतलं आणि १५११ मध्ये मलाक्का. तिथला कारभार गोव्याच्याच अखत्यारीत होता, म्हणजे आपल्या किनाऱ्याचा आणि या राणीचा शत्रू एकच. इंडोनेशियाने तिला राष्ट्रीय वीराचा मान दिला तो थेट २०२३ मध्ये.

राणीच्या काळी जेपाराला लागून असलेला मुरिया पर्वत जवळजवळ बेटच होता. तो आणि जावा यांच्यामध्ये खाडी होती, जहाजं तिथून ये-जा करत. गाळाने ती बुजली. पुढे डचांनी आपलं ठाणं सेमारांगला हलवलं आणि जेपाराचं बंदर मागे पडलं. राहिले ते सुतार.

त्यांना पुन्हा गिऱ्हाईक मिळवून देणाऱ्यांत कार्तिनी होती. १८७९ मध्ये याच जिल्ह्यातल्या मायोंगला जन्मलेली, जेपाराच्या रीजंटची, म्हणजे डच राजवटीतल्या जिल्हाप्रमुखाची मुलगी. मुलींच्या शिक्षणासाठी ती सगळ्या इंडोनेशियाला माहीत आहे, २१ एप्रिलला तिची जयंती देशभर होते. पण ‘डोंगरामागचं गाव’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तीतल्या कोरीवकाम करणाऱ्यांना ऑर्डरी मिळवून द्यायची खटपटही तिने केली. बाळंतपणानंतर पंचविशीतच गेली.

फर्निचरचा खरा सुकाळ १९९८ च्या आसपास आला. इंडोनेशियाचा रुपिया कोसळला, डॉलरमध्ये विकणाऱ्याची चंगळ झाली, आणि ज्याला पटाशी धरता येत नव्हती तोही निर्यातदार झाला. आता उलटं आहे. जिल्ह्यात कपड्यांचे आणि बुटांचे कारखाने आले, तिथे महिन्याला ठरलेला पगार मिळतो. आम्ही गेलो तेव्हा पाकचा पुतण्याही कारखान्यात अर्ज करून आला होता. उत्तरेला तांजुंग जातीला कोळशावरचं मोठं वीजकेंद्र आहे, पहिली चार युनिटं प्रत्येकी ६६० मेगावॉटची. त्यामुळे ‘फक्त फर्निचरचं गाव’ हे आता तिथल्या पोरांनाच मान्य नाही.

परवडतं का? एका घरासाठी नाही. कंटेनर भरत नसेल तर भाडं, फ्युमिगेशन (कीड मारायची धुरी), न्हावा शेवाचा खर्च आणि शुल्क धरून इथला चांगला सुतार स्वस्त पडतो. कंटेनर भरत असेल तर मीटर स्वतःचा न्या आणि फळीच्या टोकाला नाही, मध्यावर टोचा. कडेची पांढरी पट्टी, म्हणजे खोडाच्या बाहेरच्या थराचं कच्चं लाकूड, रंगाखाली लपवलेलं असतं, तेव्हा पॉलिश करायच्या आधी माल बघा. वाळवायला जितके दिवस मागतील तितके द्या, आणि वर एक आठवडा द्या. सणाच्या तारखा दाखवून कोणी घाई करत असेल, आणि तो सख्खा भाऊ असेल, तर त्याला हॉटेलातच ठेवा.

आता एक मान्य करतो. तिथे सगळेच पाकसारखे नाहीत. दुसऱ्या एका ठिकाणी आम्हाला महोगनीला सागाचा रंग लावून दाखवला होता. आणि माझी माहिती २०१३ची आहे, शुल्काचे नियम बदलतात, आपल्या सीएचएला, म्हणजे बंदरातून माल सोडवणाऱ्या कस्टम एजंटला, विचारल्याशिवाय पैसे पाठवू नका. मूळ देशाचा दाखला नसेल तर भारत-आसियान व्यापार कराराची शुल्कातली सवलत मिळत नाही.

हो, करीमुनजावा. बोट जेपाराहून सुटते, पण डिसेंबर ते फेब्रुवारी समुद्र खवळलेला असतो आणि फेऱ्या रद्द होतात. अडकलात तर पिंदांग सेरानी खा, माशाचं हळद घातलेलं आंबट सार. त्यात आपल्या कोकणात मिळतात तशी बिंबलं, ती आंबट फळं, असतात.

सातांपैकी एक टेबल अजून दुकानात आहे, फटीत पुट्टी भरलेलं. दादा त्यावर जेवतो.